शहरात शिकणाऱ्या पोरांच्या पोटाचं काय?

(संघटनेच्या तालुका मेळाव्यात कॉलेजच्या विद्यार्थी गटाने मांडलेलं म्हणणं. दोघांनी आळीपाळीने वाचलं. मध्ये लोकांनी विचारलं त्याची उत्तरं जागच्या जागी घेतली आहेत.)



सकाळपासून मेळाव्यात प्लॉटांचं चाललंय. कुणाचा दावा अपात्र झाला, कुणी चार एकर कसतो आणि कागद दीड एकराचा आला, कुणाचा गट नंबरच चुकला. आम्ही पोरंपोरी मागे बसून ऐकत होतो. आम्हाला सांगितलं होतं की दहा मिनिटं मिळतील, शिक्षणाचा विषय मांडा. आम्ही जेवणाचा विषय मांडणार आहोत. तो जमिनीच्या विषयाला कुठे जोडलेला आहे तेही सांगू. दहा मिनिटांत नाही झालं तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरचे. कुणी नाशिकला शिकतो, कुणी पुण्याला. कुणी बीए, कुणी बीएस्सी, दोघी नर्सिंगला, तिघं-चौघं पदवी करून पोलीस भरतीची तयारी करतात. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारता, जेवला का? आम्ही म्हणतो, जेवलो. घरी सांगून उगीच जिवाला घोर कशाला, म्हणून म्हणतो. पण हे असं प्रत्येकाने आपापल्या घरी सांगितलं, त्यामुळे सगळ्या तालुक्याला वाटतं की शिकायला गेलेली पोरं जेवतात. मागच्या महिन्यात आम्ही एका खोलीत बसलो आणि एकमेकांना खरं विचारलं. आठवड्यात किती वेळा रात्रीचं जेवण सुटतं? सकाळी काय खातो? तेव्हा कळलं की आपल्यावरच नाही, सगळ्यांवर तीच वेळ आहे. ते ऐकून ठरलं की हे मेळाव्यात बोलायचं.

आधी कसं भागवतो ते सांगतो, म्हणजे चित्र कळेल. एका डब्यात दोघं जेवतात. मेसवाल्याला ते माहीत असतं. चांगला असला तर दोन पोळ्या जास्त टाकतो, नसला तर म्हणतो इथेच बसून जेवा, डबा मिळणार नाही. सकाळी उशिरा उठायचं, म्हणजे नाश्त्याचा प्रश्न येत नाही. रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा बिस्किटाचा पुडा आणि चहा. लग्नसराईत हॉलवर वाढपी म्हणून जायचं. रोज मिळतो आणि शेवटच्या पंगतीला पोटभर जेवण मिळतं, त्यामुळे वैशाखात आमची तब्येत बरी असते. वर्गात मित्र डबा उघडून ये म्हणतात, तेव्हा रोज रोज जायची लाज वाटते. मग म्हणायचं, आज उपास आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. आमच्यातल्या एकाची कॉलेजात फार धार्मिक म्हणून ख्याती झालीय. पाड्यावर त्याला कुणी वाघदेवाच्या पूजेलासुद्धा वेळेवर पाहिलेलं नाही.

(हशा.)

हसा, आम्हीही हसतो. पण भरतीवाल्यांचं बघा. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर धावावं लागतं, पोरींना ८००. रोज पहाटे सराव. धावून आल्यावर शरीर खायला मागतं, आणि समोर काय, तर चहा आणि एक पाव. आपली पोरं डोंगर चढलेली, दमाने कुणाला हार जाणारी नाहीत. पण दोन-दोन महिने अर्ध्या पोटी धावलं की पायात गोळे येतात, चक्कर येते. मग म्हणतात, आदिवासी पोरगा मैदानातच बाद झाला.

पोरींचं आणखी वेगळं. चौघी मिळून खोली घेतात आणि हाताने रांधतात. भात, त्यावर तिखट-मीठ आणि तेल. भाजी आठवड्यातून दोनदा. चौघींत वाढायला जी बसते ती आपल्याला कमी घेते, हे आम्ही घरीच शिकून येतो. आई शेवटी जेवते, तसंच. नर्सिंगच्या आमच्या मैत्रिणीने स्वतःच हिमोग्लोबिन तपासायला शिकताना पहिलं बोट आपलं टोचलं. आकडा बघून तिच्या मॅडमनी तिलाच गोळ्या लिहून दिल्या. पोरींच्या बाबतीत दुसरी भीती असते ती सांगायलाच हवी. मुलगी वाळली, आजारी पडली, की घरचे म्हणतात बस झालं शिक्षण, ये माघारी. आणि माघारी आली की सहा महिन्यांत लग्न. म्हणून पोरी आजारपणही सांगत नाहीत.

आता सरकारचं काय आहे ते बघू.

मूल पोटात असताना आईला एक वेळचा चौरस आहार मिळतो. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत खाऊ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला हुकूम दिला की शाळेत शिजवलेलं अन्न द्या, त्यामुळे आठवीपर्यंत दुपारचं जेवण आहे. आश्रमशाळेत असला तर बारावीपर्यंत दोन वेळा ताट आहे. ते कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, पण ताट आहे. बारावी पास झाला, म्हणजे जे सगळ्यांनी सांगितलं ते त्याने केलं, आणि नेमकं तिथून ताट संपतं. पुढे कागद सुरू होतात.

कागद दोन आहेत. एक सरकारी वसतिगृहाचा आणि दुसरा स्वयम योजनेचा.

वसतिगृहात पूर्वी खाणावळ होती. ठेकेदार असायचा. कागदावरच्या यादीत दूध, फळ सगळं असायचं, ताटात पाण्यासारखी डाळ. तक्रारी आम्हीच केल्या, गृहपालांशी भांडणं आमचीच झाली. मग ५ एप्रिल २०१८ ला शासन निर्णय निघाला. महानगरांच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांची खाणावळ बंद, त्याऐवजी पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. तेव्हा मोठ्या शहरांत महिन्याला ३,५०० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ३,००० रुपये ठरले होते. याला डीबीटी म्हणतात. हिशेब करा. ३,५०० ला तीस दिवसांनी भागलं तर दिवसाला ११६ रुपये. त्यात सकाळचा नाश्ता आणि दोन जेवणं. ३,००० असले तर दिवसाला १००.

तुम्हाला आठवत असेल, त्याच साली मार्चमध्ये आपल्या घराघरातली माणसं नाशिकहून मुंबईला चालत गेली होती. ६ तारखेला निघाली आणि १२ ला आझाद मैदानात. मुंबईतल्या पोरांचा दहावीचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचं अंतर रात्रीच चालून काढलं, पायाला फोड आलेले असताना. दुसऱ्याच्या पोरांच्या परीक्षेसाठी. आणि त्यानंतर महिना व्हायच्या आत आपल्या पोरांच्या खाणावळी बंद करणारा कागद निघाला. जुलैमध्ये पोरं पुण्याहून नाशिकला पायी निघाली, खाणावळ परत द्या म्हणून. नाशिकला पोचण्याआधीच पोलिसांनी त्यांना अडवून गाड्यांत घातलं.

इथे आमच्यातही दोन मतं आहेत, ती लपवत नाही. काहींना पैसे हातात आलेले बरे वाटतात. ठेकेदाराच्या आळ्या खाण्यापेक्षा आपण आपलं बघू, असं ते म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. पण खात्यात पैसे आले की काय होतं ते बघा. नेमका त्याच आठवड्यात घरून फोन येतो. बा दवाखान्यात आहे. किंवा बियाणं आणायचं आहे. किंवा लहान बहिणीचा फॉर्म भरायचा आहे. कुठला पोरगा म्हणेल की हे माझ्या जेवणाचे पैसे आहेत, देणार नाही? हजार-दोन हजार घरी जातात आणि महिना अर्धा होतो. ताटात वाढलेला भात कुणी गावाला पाठवत नाही. खाणावळ वाईट असली तर तिच्यावर पोरांची देखरेख समिती बसवावी, ठेकेदार काढावा, बचत गटाच्या बायांना द्यावी. चूल फोडून टाकणं हा त्यावर उपाय नव्हता, असं आमच्यातल्या जास्त जणांचं म्हणणं आहे.

जुनी माणसं वसतिगृहाला अजून बोर्डिंग म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला बोर्डिंग चालवलं, तेव्हा पोरांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्या काळात गरिबाच्या पोराला शिकवायचं म्हणजे आधी त्याच्या जेवणाची व्यवस्था करायची, हे सगळ्यांना उघड होतं. आता बोर्डिंगच्या इमारती चार मजली झाल्या आणि आतला स्वयंपाकघराचा दरवाजा बंद आहे. काही ठिकाणी त्या खोलीत मोडक्या कॉटा ठेवल्यात.

वसतिगृहात नंबर लागला नाही त्यांच्यासाठी स्वयम योजना आहे. ती २०१६ मध्ये सुरू झाली. पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. नाशिकसारख्या शहराला ५१,०००, त्यात जेवणाचे २८,०००. कॉलेजचे दहा महिने धरले तर जेवणाला महिन्याचे २,८०० होतात. नाशिकला दोन वेळची साधी मेस आम्हाला अडीच ते तीन हजारांना पडते, नाश्ता त्यात नाही. म्हणजे रक्कम तुटपुंजी असली तरी वेळेवर आली तर माणूस तग धरू शकतो.

वेळेवर येत नाही, हीच सगळी गोष्ट आहे. आणि इथेच जमिनीचा विषय येतो, म्हणून नीट ऐका.

कॉलेज कधी उघडतं? जून-जुलैत. प्रवेशाची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना, सगळं त्याच महिन्यात. अर्ज भरायचा तो प्रवेशाची पावती मिळाल्यावर. मग जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं आधार जोडणं, मग यादी, मग त्रुटी, मग परत यादी. पहिला हप्ता हातात पडतो तेव्हा थंडी पडलेली असते. आमच्यातल्या एकीला मागच्या वर्षीचे पैसे परीक्षा संपल्यावर आले.

आता आपल्या घरची कणगी बघा. जून-जुलैत कणगीत काय असतं? तुम्हाला आम्ही काय सांगणार. नागली संपत आलेली, भात बियाण्यापुरता, उडीद खालच्या तळाला. आवणीचे दिवस, मजुरी नाही, दुकानदाराकडे वही सुरू. तेरा, कुर्डू, कोवळी, रानभाज्यांवर दिवस काढायचे. नवीन नागली-भात घरात यायला दिवाळी उजाडते. म्हणजे आषाढ-श्रावणात शहरातल्या पोराकडे सरकारचा पैसा नाही, आणि त्याच महिन्यांत घरातून पोतं पाठवायला पोतंही नाही. दोन्ही बाजूंचा दुष्काळ एकाच वेळी. जे शिक्षण सोडून परत येतात ते बहुतेक कधी येतात ते आठवून बघा. गणपती ते दिवाळीच्या दरम्यान. लोक म्हणतात, पोराचं मन लागलं नाही.

सरकारला हे महिने माहीत नाहीत असं म्हणता येत नाही. याच महिन्यांसाठी १९७८ पासून खावटी कर्जाची योजना होती. पावसाळ्यात आदिवासी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून. करोनाच्या वेळी ते अनुदान करून घराला ४,००० रुपये दिले, अर्धे पैशात आणि अर्धे जिनसांत. पाड्यावर राहणाऱ्याला पावसाळ्यात भूक लागते हे सरकारी कागदात मान्य आहे. त्याच घरातला पोरगा एसटीने शंभर किलोमीटर गेला की त्याची भूक डिसेंबरला ढकलता येते, असा हा हिशेब आहे.

दिवाळीनंतर जरा बरं. तेव्हा घरून पोतं येतं. हे पोतं म्हणजे काय ते शहरातल्या साहेबांना कळत नाही. एका बाजूला तांदूळ, मध्ये फडक्यात नागलीचं पीठ, उडदाची डाळ, खुरासणीची चटणी, कधी सुकट. एसटीच्या कंडक्टरशी लगेजवरून भांडत बा ते आणून देतो. त्या पोत्यावर आमचे दोन महिने निघतात. ज्याच्या घरून पोतं येतं तो टिकतो. ज्याच्या घरून येत नाही तो द्राक्षाच्या बागेत जातो, दिंडोरी-निफाडला. सुट्टीत नाही, कॉलेज चालू असताना. विरळणीच्या वेळी आठ-आठ दिवस. हजेरी भरत नाही, मग परीक्षेचा फॉर्म अडतो. हजेरी कमी म्हणून भत्त्याचा पुढचा हप्ताही अडतो. जेवणासाठी कामाला गेला म्हणून जेवणाचे पैसे बंद.

आणि पोतं कुणाच्या घरून येत नाही? आम्ही एकेकाचं घर आठवून मोजलं. ज्यांचा प्लॉट कागदावर कमी झाला, ज्यांच्या प्लॉटात फॉरेस्टवाल्यांनी खड्डे खणून रोपं लावली, ज्यांचा दावा वर्षानुवर्षं तालुका आणि जिल्हा समितीच्या मध्ये फिरतोय, ती घरं. वनहक्क कायद्यात कलम ४(६) स्पष्ट आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जेवढी जमीन प्रत्यक्ष कसत होता तेवढी द्यायची, चार हेक्टरच्या आत. चार एकर कसणाऱ्याला दीड एकर दिलं तर कागदावर अडीच एकर गेलं एवढंच दिसतं. त्या अडीच एकरात एक मूल शहरात शिकत होतं. अपील करताना, ग्रामसभेचा ठराव लिहिताना, हेही लिहा की आमचा मुलगा किंवा मुलगी अमुक वर्गात शिकते आणि तिचं धान्य या जमिनीतून जातं. कायद्याने त्याने काही जास्त मिळणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण फाईल वाचणाऱ्याला कळू दे.

(एका आजींनी विचारलं, तुमचं रेशन इथे येतं, तिथे नाही का मिळत?)

मिळतं आजी. हे फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पोरगा शहरात गेला तरी त्याचं नाव कार्डावर असतं आणि त्याचे पाच किलो घरी येतात. आता एक देश एक रेशनकार्ड झाल्यापासून कार्डावरचं कुठलंही माणूस कुठल्याही गावच्या रेशन दुकानात आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतं. कार्ड हातात लागत नाही. कार्डाचा बारा अंकी नंबर पाठ पाहिजे, आधार जोडलेलं पाहिजे आणि मशीनवर अंगठा. बाकीच्यांचा वाटा गावच्या दुकानात तसाच राहतो. दुकानदार म्हणेल, तुझं कार्ड इथलं नाही. त्याला शांतपणे म्हणायचं, मशीनवर नंबर टाका. तरी नाही म्हणाला तर १९६७ ला फोन लावायचा, दुकानाचा नंबर पाटीवर असतो तो सांगायचा. कायद्यात जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्याकडे लेखी द्यायचं. एकटं जाऊ नका, तिघं-चौघं जा.

एक गोष्ट मात्र आधी घरी बोलून घ्या. आमच्यातल्या एकाने नाशिकला पाच किलो उचललं आणि गावात त्याच्या आईने दुकानदाराशी भांडण काढलं, की माझं पाच किलो तूच खाल्लंस. त्या बिचाऱ्याने या वेळी खरंच खाल्लं नव्हतं.

(हशा.)

ज्यांचं कार्ड अंत्योदयाचं आहे त्यांना माणशी हिशेब नाही, घराला ३५ किलो आहे. तिथे घरात किती माणसं जेवतात ते बघून ठरवा, म्हाताऱ्यांच्या ताटातलं काढू नका. आणि ई-केवायसीचं लक्षात ठेवा. कार्डावरच्या प्रत्येकाने अंगठा द्यायचा आहे. शहरातल्या पोरांनी त्यासाठी गावी यायची गरज नाही, राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात होतं. राहून गेलं तर नाव बंद पडेल, मग पाच किलो ना इथे ना तिथे.

अर्थात धान्य मिळालं म्हणजे जेवण झालं असं नाही. गहू दळायला चक्कीचे पैसे, शिजवायला गॅस. पाच किलोची छोटी टाकी भरायची तर चौघांत वर्गणी. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला घरमालक शेगडी ठेवू देत नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे की पुढच्या वर्षी आपल्या तालुक्यातल्या पोरांनी पांगून न राहता चार-पाच जणांच्या खोल्या एकाच वस्तीत घ्यायच्या आणि चूल एक ठेवायची. पोरींच्या दोन खोल्यांनी ते सुरूही केलं आहे. त्यांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्यात आणि वाढणारीने शेवटी घ्यायचं नाही असा नियम केलाय.

शिवभोजन थाळीबद्दलही बरेच विचारतात. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांना. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण. चपाती ३० ग्रॅमची, म्हणजे आपल्या भाकरीचा एक घास. तरी दहा रुपयांत गरम अन्न मिळतं, आम्ही खाल्लं आहे, नावं ठेवणार नाही. अडचण अशी की ती दुपारी असते आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते. प्रॅक्टिकल संपवून केंद्रावर पोचेपर्यंत संपलेली असते. रात्रीची नाहीच. कॉलेजच्या आवारात असं एक केंद्र असावं, तेही दोन्ही वेळ, असं आम्हाला वाटतं. कॉलेजांत कमवा आणि शिका योजना असते, बागेत किंवा ग्रंथालयात काम करून तासाचे पैसे मिळतात. तिथे जागा कमी, आणि ते पैसेही महिना-दोन महिने मागे असतात. पण मिळत असेल तर घ्या, द्राक्षबागेपेक्षा बरं. हजेरी तरी बुडत नाही.

मेसवाल्यांबद्दल एक शब्द. आमच्या मोर्चात काहीजण त्यांच्याविरुद्ध घोषणा देतात, ते आम्हाला पटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उधारीवर जेवू घालणारा तोच असतो. त्याच्या वहीत आमच्या तालुक्याची पानं आहेत. एका पोराचा मोबाईल त्याच्याकडे गहाण होता हे खरं. पण त्यालाही किराणा उधारीवरच घ्यावा लागतो. सरकार ज्या पैशाला उशीर करतं तो उशीर एक मेसवाला, एक बाप आणि एक पोरगा असे तिघं मिळून भरतात.

आता मागण्या. आम्ही लिहून आणल्यात, मेळाव्याने ठराव करावा. डीबीटीचा आणि स्वयमचा पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवर, तीस जूनच्या आत मिळाला पाहिजे. त्रुटी मागून काढा, पहिल्या हप्त्याला त्रुटी लावू नका. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून मागू नका, पास झाल्याचं मार्कशीट पुरे. वसतिगृहांची बंद स्वयंपाकघरं उघडा, ज्या वसतिगृहातल्या पोरांना खाणावळ हवी त्यांना ती द्या, आणि बाजार किती आला ते बघायला पोरापोरींची समिती असू द्या. जेवणाची रक्कम महागाईबरोबर दरवर्षी वाढली पाहिजे. 

काही जुने साथी म्हणतात की जमिनीची लढाई अर्धी राहिलीय, तिच्यात पोरांच्या मेसचं आणखी कशाला. आम्ही मान देऊन एवढंच विचारतो, प्लॉटाच्या अर्जावर नकाशा कोण काढतं? जीपीएसवर हद्द कोण मोजतं? अपात्र झाल्याच्या पत्राला उत्तर कोण लिहितं? तीच पोरं लिहितात जी बारावीच्या पुढे गेली. त्यातली किती गणपतीनंतर पोतं नाही म्हणून माघारी आली आणि आज बागेत आहेत, ते प्रत्येक पाड्याने आपापलं मोजावं.

संघटनेकडे आमचं मागणं लहान आहे. प्रत्येक पाड्याने दिवाळीच्या मळणीनंतर धान्याची एक पायली वेगळी काढायची. ज्या घरात आषाढात काही उरणार नाही त्या घरच्या पोरांसाठी ती जूनमध्ये शहरात पोचवायची. धान्य कोठीत ठेवायचं की गावच्या शाळेत, ते बायांनी ठरवावं, उंदरांचं त्यांना जास्त कळतं. हे सरकारच्या जबाबदारीला पर्याय म्हणून करायचं नाही, प्रकल्प कार्यालयावरचा मोर्चा आहेच. पण मोर्चाची तारीख ठरेपर्यंत पोरं टिकली पाहिजेत.

ज्यांची मुलं या वर्षी बारावीला आहेत त्यांनी आत्ता, सभा सुटल्यावर, आंब्याखाली बसलेल्या मुलींकडे नाव द्यावं. सोबत रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर सांगावा. नंबर पुसट झाला असेल तर कार्डच द्या, त्या उतरून घेतील. जातीचा दाखला अजून काढला नसेल तर निकालाची वाट बघू नका, जूनमध्ये सेतूवर रांग लागते. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलनंतरच काढा, त्याआधीचा चालत नाही. आणि ज्यांच्या घरी मागच्या वर्षीचा हप्ता अजून आलेला नाही, त्यांनी बँकेचं पासबुक भरून सोमवारी तालुक्याच्या ऑफिसात यावं. आमच्यातले दोघं दिवसभर तिथे आहेत.

जोहार.